घरून काम हवंय? ग्रॅच्युइटीकडे बघा

ॲक्च्युअरीला, म्हणजे विमा-पेन्शनसारख्या भविष्यातल्या देण्यांचं गणित मांडणाऱ्याला, घरून काम हवं असेल, तर विमा कंपन्यांच्या जाहिराती चाळण्याआधी ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेच्या दायित्वाचं (कंपनीला त्यापोटी पुढे कर्मचाऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या पैशांचं) मूल्यांकन करणाऱ्या छोट्या सल्लागार फर्म गाठा. कर्मचाऱ्यांची यादी एक्सेलमध्ये येते, गणित घरी होतं, अहवाल मेलवर जातो. एएस १५ आणि इंड एएस १९ ही कर्मचारी लाभांबाबतची लेखा मानकं नीट वाचून ठेवा. अहवालावर सही फेलोची, म्हणजे सगळ्या परीक्षा पार केलेल्या ॲक्च्युअरीची असते, पण मागची आकडेमोड करायला थोडेच पेपर पास झालेले विद्यार्थीही लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र ऑडिटर अक्षरशः पिच्छा पुरवतात. लवचीक वेळ वगैरे तेव्हा विसरा. म्हणून मानधन महिन्यावर नको, प्रत्येक अहवालामागे ठरवा. आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराची माहिती तुमच्या लॅपटॉपवर राहणार की फर्मच्या सर्व्हरवर, हे आधीच लेखी घ्या.