घरच्यांनी जबरदस्तीनं ॲडमिट केलं, आता भरपाई कशी मागायची?

आमच्या गल्लीतल्या एका दादाला चुलतभावांनी रात्री अकराला गाडीत कोंबून नेलं आणि मनोरुग्णालयात भरती केलं, कारण काय तर पितो आणि शिव्या देतो. बाहेर आल्यावर म्हणाला, केस ठोकून दहा लाख काढतो. म्हटलं भावा, कागद दाखव. खिशात औषधाची चिठ्ठी तेवढी, तीही चहा सांडलेली.

म्हणून पहिलं काम कागद. आपला मेडिकल रेकॉर्ड बघायला मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. ॲडमिशन फॉर्म, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड लेखी अर्जानं मागा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या, तोंडी मागाल तर "उद्या या" ऐकत बसाल.

मग फॉर्म नीट वाचा, सगळी मेख तिथंच असते. इच्छेविरुद्ध भरती करायची तर कलम ८९ लागतं. त्यात तुमच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (म्हणजे तुमच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचा) अर्ज पाहिजे, दोघांनी वेगवेगळं तपासलेलं पाहिजे आणि त्यातला एक सायकियाट्रिस्टच, शिवाय स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःकडं बघताच न येणं असं कारण पाहिजे. नुसत्या शिव्या त्यात बसत नाहीत. मुदत ३० दिवस, त्यापुढं कलम ९०. दादाच्या फॉर्मवर सही चुलतभावाची आणि तारखेवर पेनानं गिरवलेलं, बघूनच वकील हसले.

माणूस अजून आतच असेल तर भरपाईचं नंतर बघू, आधी मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडं (अशा भरतीची तपासणी करणाऱ्या मंडळाकडं) अर्ज टाका. फी नाही, साधा कागद चालतो, आणि कलम ८९ च्या भरतीला आव्हान दिलं तर बोर्डानं ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो. हॉस्पिटलनंही अशी भरती बोर्डाला ७ दिवसांत कळवायची असते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. कळवलं होतं का, हे जरूर विचारा. साखळीनं बांधलं, भूल न देता शॉक दिले, एकट्याला खोलीत कोंडलं, तर तेही तारखेसकट लिहा, या तिन्हीला बंदी आहे.

आता पैसे. या कायद्यात भरपाईचा ठरलेला आकडा नाही, शिक्षा आहे, पहिल्या वेळेला ६ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरपाईला दार वेगळं. प्रायव्हेटमध्ये बिल भरलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, २ वर्षांच्या आत. फुकटच्या सरकारी दवाखान्यात झालं असेल तर हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारनं हक्क मोडला म्हणून थेट याचिका. त्यासाठी आम्हा कोल्हापूरकरांना आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर. १९८३ च्या रुदुल शाह केसमध्ये निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं जेलात ठेवलेल्या माणसाला सुप्रीम कोर्टानं ३५ हजार दिले होते, सरकार म्हणत होतं तो वेडा होता. रक्कम तोकडीच, पण रिटमध्ये भरपाई मिळते हे तिथूनच रुळलं.

आणि भरती खरंच नियमानं झाली असेल तर राग कितीही खरा असला तरी पैसे मिळत नाहीत, हे वकिलाच्या फीआधी समजून घ्या. वकील परवडत नसेल तर कोल्हापुरात कसबा बावड्यात कोर्टाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नाहीतर कायदेशीर मदतीच्या १५१०० ला फोन लावा. जाताना केस पेपरची झेरॉक्स दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून परत घ्या.