स्पॅनिश एक्स्टेन्शनवर कंपन्यांची चढाओढ चालू असताना आपलं नाव कसं घ्यावं

जळगाव एमआयडीसीतून ठिबकच्या नळ्या किंवा ड्रिपर स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत विकायचे असतील, तर गिऱ्हाइकाच्या भाषेतलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कामी येतं. पत्त्यातला टिंबानंतरचा शेवटचा भाग म्हणजे एक्स्टेन्शन. स्पॅनिशमध्ये '.तिएंदा' (.tienda) म्हणजे दुकान. नव्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवण्याच्या २०१२ च्या फेरीतून आलेलं हे एक्स्टेन्शन आज मिळतं. नव्या एक्स्टेन्शनचं मात्र वेगळं. एकाच शब्दावर अनेक कंपन्यांचे अर्ज पडले, की निकाल लागेपर्यंत त्याखालचं नाव विकायचा हक्क कुणालाच नसतो. 'आत्ताच बुक करा' म्हणत कुणी विसार मागितला, तर एक रुपयाही देऊ नका.

अर्ज आयकॅनकडे, म्हणजे जगभरच्या डोमेन-नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे, जातात. २०१२ साली शुल्क १,८५,००० डॉलर होतं आणि १,९३० अर्ज आले. २०२६ च्या फेरीचं शुल्क २,२७,००० डॉलर आहे. एखादा अर्ज ठरावीक समुदायासाठी असेल आणि त्या कसोटीला उतरला, तर तो पुढे जातो. नाहीतर शेवटचा उपाय लिलाव. आपल्या बाजार समितीत ज्याची बोली त्याच भावानं माल उचलतो. इथे जिंकणारा शेवटच्या प्रतिस्पर्ध्यानं ज्या आकड्यावर माघार घेतली तेवढेच भरतो. '.वेब' २०१६ मध्ये असंच १३.५ कोटी डॉलरला गेलं. आधीच्या फेरीत कंपन्या खासगीत मिटवून घेत आणि हरणाऱ्यालाही पैसे मिळत. नव्या फेरीत त्याला बंदी आहे, आणि ते योग्यच झालं.

लिलाव जिंकला म्हणजे दुकान उघडलं असं नाही. करार होतो, तांत्रिक चाचणी होते, मग एक्स्टेन्शन रूट झोनमध्ये, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या सगळ्या एक्स्टेन्शनच्या मूळ यादीत, चढतं. ही यादी सांभाळणाऱ्या आयानाच्या (IANA) रूट झोन यादीत ते दिसतं का, हे स्वतः पाहा.

त्यानंतर किमान ३० दिवस ट्रेडमार्कवाल्यांचा काळ. तुमचा ट्रेडमार्क नोंदलेला हवा, नुसता अर्ज चालत नाही. शिवाय तो ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे नव्या एक्स्टेन्शनसाठी ट्रेडमार्क तपासून नोंदवणाऱ्या मध्यवर्ती यादीत, वापराच्या पुराव्यासह आधीच चढवलेला हवा. मग सर्वांसाठी विक्री खुली होते.

फसगत होते ती नूतनीकरणात. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त असतो, दुसऱ्या वर्षाचा कित्येक पटींनी चढा निघतो. म्हणून आधी नूतनीकरणाचा दर विचारा. पटला तर जास्तीत जास्त १० वर्षांचे पैसे एकदम भरून तो बांधून घ्या. नाव शक्यतो स्पॅनिश अक्षरांवरच्या खुणांशिवाय ठेवा. '.फुतबोल' (.futbol) हे एक्स्टेन्शनसुद्धा 'यू'वरच्या आघातचिन्हाशिवायच घेतलेलं आहे. 'एन्ये' (ñ हे स्पॅनिश अक्षर) असलेला ईमेल पत्ता तर कित्येक फॉर्म नाकारतात.

नाव फर्मच्या नावावर घ्या, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नाही. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्याला त्याच डोमेनचा ईमेल जोडू नका: मुदत संपली की तो बंद पडतो आणि सूचना पोचतच नाहीत. नाव खोडलं गेल्यावर परत मिळवायला साधारण ३० दिवस असतात, तेही जादा शुल्क भरून.