जुने क्लायंट परत आले की त्यांना काय द्यायचं : छोट्या स्टुडिओवाल्यांसाठी

फोटोग्राफीचा क्लायंट परत येतो, पण किराण्याच्या गिऱ्हाइकासारखा महिन्या-महिन्याला नाही येत. आज एखाद्या घरी डोहाळजेवण केलंत तर दोन-अडीच महिन्यांत बारसं, मग उष्टावण, संक्रांतीला बोरन्हाण, पहिला वाढदिवस, आणि नंतर एकदम मोठी गॅप, थेट आठव्या वर्षी मुंज. मधे आजोबांची साठी नाहीतर पंचाहत्तरी, मावशीचं लग्न. म्हणून ते पॉइंट जमा करा, कार्डावर शिक्के मारा, सहा महिन्यांत वापरलं नाही तर कूपन बाद, हे सगळं आपल्या कामात फुकट आहे. इथे तेच द्यायचं जे वर्षं गेली तरी जुनं होत नाही, उलट जितकी वर्षं जातील तितकी त्याची किंमत वाढते.

आधी डिस्काउंटचं बोलू कारण सगळे पहिले तिथेच जातात. समजा मुंजीचं पॅकेज २०,००० चं आहे, त्यात असिस्टंट, अल्बम, एडिटिंग, येणं-जाणं धरून १४,००० गेले, हातात राहिले ६,०००. आता जुने म्हणून १० टक्के सोडले तर २,००० गेले, म्हणजे कमाईचा तिसरा हिस्सा गेला, आणि समोरच्याला वाटतं की दहाच टक्के तर दिले. वर पुढच्या वेळेला बोलणी त्या कमी केलेल्या रेटपासूनच सुरू होतात. त्यापेक्षा रेट सगळ्यांना सारखा ठेवा आणि वरून काहीतरी द्या, आणि जे देताय ते कोटेशनमधे वेगळ्या ओळीत लिहा, त्याची नेहमीची किंमत लिहून पुढे शून्य. नाहीतर दिलेलं कोणाला कळतच नाही.

द्यायचं काय, तर माझ्या मते सगळ्यात भारी आहे जुन्या आणि नव्या फोटोची जोडी. बारशाचा एक फोटो आणि मुंजीचा एक, एकाच माणसाच्या मांडीवर किंवा शेजारी, १२ बाय १८ च्या एकाच प्रिंटवर, साधी फ्रेम. लॅबमधून हे २,००० पेक्षा खूप स्वस्तात होतं आणि घरात बाहेरच्या खोलीत लागतं, येणारा-जाणारा विचारतो कोणी काढले. नवा फोटोग्राफर कितीही स्वस्तात आला तरी हे देऊ नाही शकत, कारण त्याच्याकडे बारशाचा फोटोच नाहीये.

यासाठी अर्थात डेटा जपलेला पाहिजे. दोन हार्ड डिस्क, एक स्टुडिओत आणि एक दुसऱ्या घरी, फोल्डरचं नाव वर्ष-महिना-आडनाव-कार्यक्रम. सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, नाही ठेवता आल्या तरी फायनल जेपेग तरी ठेवाच. आणि बिलावर स्पष्ट लिहा की डेटा किती वर्षं ठेवणार, जमेल तेवढंच लिहा पण लिहिलं ते पाळा. लोकांचे फोन हरवतात, पेन ड्राइव्ह खराब होतात, आणि अशा वेळेला कोणी घाबरून फोन केला की काकू काळजी नका करू, आहेत माझ्याकडे, संध्याकाळी लिंक पाठवते, एवढं आपण म्हणू शकलो आणि त्याचे पैसे नाही घेतले, तर याच्यावरचं बक्षीस मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतल्या दोन संध्याकाळी जुन्या घरांसाठी राखून ठेवा, पाच वर्षांच्या आतलं मूल, दहा मिनिटं, दोन एडिट केलेले फोटो, एक प्रिंट, फ्री. मुलं तशीही हलव्याचे दागिने घालून तयार असतात. काळं झबलं आणि वर पांढराशुभ्र हलवा, तेव्हा एक्सपोजर हलव्यावर धरा, नाहीतर पांढरं उडून जातं आणि दाणे दिसतच नाहीत. पण खरी गंमत ही की दर वर्षी तेच स्टूल, तोच पडदा, तीच लेन्स, लाइट त्याच अंतरावर. स्टुलाची जागा फरशीवर मार्क करून घ्या, सेटिंग डायरीत लिहा. तीन-चार वर्षांनी ते सगळे फोटो एका पट्टीत लावले की मूल त्याच स्टुलावर वाढताना दिसतं, आणि मग ते घर मधलं एक वर्ष सोडायलाच तयार होत नाही. फक्त आधीच सांगा की हे एक काम झालेल्या घरांसाठी आहे, आणि वेळ द्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या फरकाने, नाहीतर स्टुडिओत जत्रा होते आणि मुलं रडतात.

तिसरं तारखा. देवउठनी एकादशी झाली की आमच्या इंदुरात एकाच मुहूर्तावर इतकी लग्नं असतात की पैसे हातात घेऊनही माणूस मिळत नाही, अक्षय तृतीयेला तर विचारूच नका. तेव्हा पंचांग हातात आलं की नव्या बुकिंगच्या आधी जुन्या घरांना विचारा, आणि त्यांनी तारीख सांगितली तर टोकन न घेता आठवडाभर धरून ठेवा. याला खर्च काहीच नाही, आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठी हे कुठल्याही फ्रेमपेक्षा मोठं आहे.

हे सगळं लक्षात ठेवायला गूगल शीट पुरे. घर, कार्यक्रम, तारीख, मुलाचं वय, पुढे काय येऊ शकतं, आणि एक कॉलम घरातल्या माणसांचा, आजींना गुडघ्यामुळे उभं राहता येत नाही, काकांना फ्लॅश सहन नाही होत, असं. पुढच्या कामाला गेलात आणि न सांगता आजींसाठी खुर्ची मागवलीत की लोकांना खूप बरं वाटतं. मेसेज थोडे पाठवा आणि नाव घालून पाठवा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट तशीही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. असं लिहा: काकू नमस्कार, पुढच्या वर्षी आठवं लागतंय ना, मुंजीचं ठरवत असाल तर तारीख आधी मला सांगा, मी मोकळी ठेवते. आणि प्रिंटसाठीचा फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की बारीक होतो.

नवं काम पाठवणाऱ्यांना काय द्यायचं, हा नाजूक प्रश्न आहे. पैसे देऊ नका, आपल्या घरांमधे कमिशन घेतलं असं कोणालाच वाटून घ्यायचं नसतं. पाठवणाऱ्याला पुढच्या अल्बममधे दोन शीट जास्त, आणि नवीन आलेल्यालाही एक प्रिंट, असं दोन्हीकडे द्या. नियम मात्र सगळ्यांना एकच. रामबाग असो, सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, लोक एकमेकांना ओळखतात, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात भेटतात आणि तिथे तुम्हाला काय मिळालं हे विचारलं जातंच. ओळखीतून ओळख ही तर इंदूरची जुनीच रीत. लाला दीनदयाळ १८६६ मधे इथे पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले, त्यांच्या फोटोग्राफीला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी आणि इथले इंग्रज एजंट सर हेन्री डेलींनी पाठबळ दिलं, आणि तिथून पुढे ते थेट हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले.

दुकानवाले क्लायंट असतील, म्हणजे सराफ्यातले दागिने, नमकीनचे पॅकेट, साड्या, तर तिथे गणित वेगळं. तिथे रेट कमी करायला हरकत नाही, कारण सेटअप एकदा लागला की दहा पीस काय आणि तीस काय, तुमचा खर्च खरंच कमी होतो. महिन्याचं बांधून घ्या, एवढे पीस, एवढे पैसे, न वापरलेले पुढच्या महिन्यात चालतील.

मुलांचे फोटो इन्स्टावर टाकायचे असतील तर जुनं घर असलं तरी दर वेळेला लिहून परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो क्लायंट, आपण नाही. आणि परवानगी दिली तर फ्रेम फ्री, असं कधीच करू नका, जी फ्रेम द्यायची ती नाही म्हणाले तरी द्यायची.

कधी सूट द्यायचीच ठरली तर ती बिलावरच दाखवा. वर्षाचं काम २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी नंबर घ्यावा लागतो, फोटोग्राफीवर १८ टक्के लागतो, आणि बिलात दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवरच टॅक्स बसतो. नंतर गूगल पेवर परत केलेल्या ५०० रुपयांचा तो फायदा नाही.