जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा

स्वस्तात मिळणाऱ्या क्लासिक गाडीत इंजिनापेक्षा सडका पत्राच जास्त खर्चात पाडतो, आणि ताज्या रंगाखाली तो दिसत नाही. फ्रिजवर लावायचं साधं चपटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही.

१. आधी छतावर लावा. तिथे लांबी (गंजलेला, खड्डे पडलेला पत्रा झाकायला भरतात ती पुट्टी) सहसा नसते, त्यामुळे चुंबक मुळात किती ओढतं ते हाताला कळतं.

२. मग दारांच्या खालच्या कडा, दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ. चुंबक ढिलं पडलं किंवा घसरलं, तर समजा आत लांबी भरलीय. बोटाने टकटक केलं तर आवाजही बद्द येतो.

३. पायाखालचं मॅटिंग उचला. ओलसर वास आला तर अंगठ्याने पत्रा दाबून बघा. तो कुरकुरला, तर गाडी दिसायला कितीही देखणी असो, मी तरी परत फिरतो.

इंजिनासाठी एकच युक्ती: ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आधीच सांगायचं आणि पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना काय नखरे करतं ते विचारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चासी नंबर कागदांशी ताडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मात्र काही जुन्या गाड्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची किंवा फायबरची असते. तिथे चुंबक चिकटणारच नाही, उगाच मालकाशी वाद घालू नका.