बटण दाबले, पण मशीन थांबले नाही: इमर्जन्सी स्टॉपच्या सर्किटमधील या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कन्व्हेयरची तपासणी करताना मी इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबले. बटण खाली जाऊन नीट अडकले, परंतु पट्टा चालूच राहिला. पेटी उघडल्यावर असे दिसले की बटणामागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक कंपनांमुळे निसटून वायरीला लोंबकळत होता आणि त्यातला एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे बटण दाबेपर्यंत जोडलेला राहणारा) संपर्क जोडलेलाच असल्यामुळे सर्किटच्या लेखी बटण कोणी दाबलेच नव्हते. त्या पट्ट्याजवळ रोज काम करणारा माणूस याच बटणाच्या भरवशावर उभा राहत होता, हे मला आजही विसरता येत नाही.

एनसी संपर्क वापरण्यामागचे कारण सर्वांना ठाऊक असते: वायर तुटली किंवा टर्मिनल सैल झाले तर मशीन आपोआप थांबले पाहिजे. परंतु ब्लॉक निसटणे हा दोष या नियमातून सुटतो, कारण तेथे वायर शाबूत राहते. यासाठी स्वतःच्या बसवणुकीवर लक्ष ठेवणारे ब्लॉक मिळतात. त्यांत मालिकेत एक जादा संपर्क असतो आणि ब्लॉक बटणापासून सुटताच तो उघडतो. किंमत थोडी अधिक पडते, पण कंपने असलेल्या मशीनवर मी दुसरा ब्लॉक सुचवत नाही. शिवाय संपर्कावर वर्तुळातील बाणाचे चिन्ह आहे ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. संपर्क चिकटला तरी बटणावरील दाबाने तो यांत्रिकरीत्या उघडतो, असा त्याचा अर्थ आहे.

दुसरी चूक आपल्याकडील जुन्या पॅनेलांत फार आढळते. कंट्रोल सप्लाय फेज आणि न्यूट्रलमधून घेतलेला असतो आणि वायरमनने सोयीसाठी बटण, कॉन्टॅक्टरची (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचची) कॉइल व न्यूट्रल यांच्या मध्ये टाकलेले असते. न्यूट्रल अर्थ केलेला असल्यामुळे कॉइल आणि बटणामधील वायरीचे इन्सुलेशन घासून ती पेटीला टेकली, तर कॉइलला परतीचा दुसरा मार्ग मिळतो आणि बटण उघडूनही कॉन्टॅक्टर ओढलेलाच, म्हणजे चालूच, राहतो. फ्यूज उडेलच याची खात्री नसते, कारण वाहणारा प्रवाह कॉइलचाच असतो. वडोदऱ्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकताना लॅडर (शिडीसारखी सर्किट-आकृती) काढायचो, तेव्हा कॉइलची एक बाजू थेट उजवीकडच्या सामायिक रेषेला जोडायची आणि सर्व संपर्क तिच्या डावीकडे ठेवायचे, हा नियम आम्ही चित्राची शिस्त म्हणून पाळत होतो. त्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे, हे पुढे कामावर कळले.

बटणाची वायर केवळ साध्या पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या) इनपुटला नेऊन थांबवण्याचा निर्णय प्रोग्रॅमवर सोपवू नये. आयएसओ १३८५० या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीनुसार इमर्जन्सी स्टॉपसाठी किमान ‘पीएल सी’ (परफॉर्मन्स लेव्हल सी) ही विश्वासार्हतेची पातळी लागते. दोन चॅनेलचा, म्हणजे बटणाचे दोन स्वतंत्र संपर्क तपासणारा, सेफ्टी रिले आणि मालिकेतील दोन कॉन्टॅक्टर ही त्यासाठीची रुळलेली रचना आहे. पीएलसीला बटणाची स्थिती केवळ माहितीसाठी कळवावी.

थांबण्याची पद्धत मात्र मशीन पाहून ठरवावी. आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विद्युत उपकरणांच्या मानकात इमर्जन्सी स्टॉपसाठी कॅटेगरी ० म्हणजे वीज तत्काळ तोडणे, किंवा कॅटेगरी १ म्हणजे आधी नियंत्रितपणे थांबवून मग वीज तोडणे, एवढेच पर्याय आहेत. जड फ्लायव्हील किंवा सेंट्रीफ्यूजची वीज नुसती तोडली तर ते बराच वेळ फिरत राहते. तेथे ड्राइव्हने ब्रेक लावून मग वीज तोडणे योग्य ठरते. चुंबकीय चकची (जॉब चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पकडीची) वीज तर या बटणाने कधीही तोडू नये, नाहीतर फिरता जॉब सुटून अंगावर येईल.

सेफ्टी रिले रीसेट होत नाही, ही तक्रार देखभाल विभागाकडे वारंवार येते. अशा वेळी प्रथम दोन्ही चॅनेलचे दिवे पाहावेत. एकच पेटत असेल तर दुसऱ्या चॅनेलचे बटणसंपर्क आणि टर्मिनल तपासावेत. दोन्ही पेटत असूनही रीसेट होत नसेल, तर फीडबॅकच्या वाटेत (कॉन्टॅक्टर खरोखर सुटले का हे रिलेला कळवणाऱ्या सर्किटमध्ये) मल्टीमीटर लावावा; बहुधा एका कॉन्टॅक्टरचे मुख्य संपर्क वितळून चिकटलेले आढळतात आणि त्यामुळे त्याचा मिरर संपर्क (मुख्य संपर्क सुटले तरच जोडला जाणारा सहायक संपर्क) उघडाच राहिलेला असतो. शॉर्ट सर्किटनंतर किंवा सतत इंचिंग (थोडे थोडे चालू-बंद करून सरकवणे) चालणाऱ्या मशीनवर असे होते. या क्षणी उत्पादन अडले म्हणून फीडबॅकवर जंपर (संपर्क टाळून थेट जोडणारी वायर) टाकला जातो. मी कळकळीने सांगतो की तो जंपर टाकू नये. त्यानंतर दुसरा कॉन्टॅक्टरही चिकटला तर मशीन थांबवणारे काहीच उरत नाही, आणि पहिला चिकटल्याचे सांगणारी वाट आपणच बंद केलेली असते.

बटण फिरवून वर आणल्याबरोबर मशीन सुरू होत असेल, तर ते मशीन त्याच दिवशी बंद ठेवावे. बटण सोडणे, रीसेट करणे आणि स्टार्ट देणे या तीन वेगळ्या क्रिया असायला हव्यात.

एका रिलेवर मालिकेत अनेक बटणे असतील, तर एका बटणाच्या एका चॅनेलमधला दोष, दुसरे बटण दाबून रीसेट केल्यावर रिलेच्या स्मृतीतून पुसला जाऊ शकतो. म्हणून तपासणीत प्रत्येक बटण एकेकटे दाबून रीसेट करावे, नंतर मशीन थांबलेले असताना एका चॅनेलची वायर सोडवून रिले पडतो का ते पाहावे, आणि पेटीच्या दारामागे त्या बटणाचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी.