चष्म्याच्या दुकानात पहिली नोकरी धरण्याआधी

ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायच्या शिक्षणाची, पदवी किंवा डिप्लोमा हातात पडला की पुण्यात काम मिळायला फारसा त्रास होत नाही. लक्ष्मी रोड, कॅम्प, कोथरूड, हडपसर, चिंचवड, कुठेही बघा, दुकानदारांना मुलं हवीच असतात. खरी अडचण पुढे येते. पहिल्या दोन वर्षांत हाताला जे वळण लागतं ते सहजी सुटत नाही. म्हणून पगाराच्या आकड्याआधी दुकान पारखा.

मुलाखतीच्या आधी एकदा गिऱ्हाईक म्हणून जा. शनिवार-रविवारची संध्याकाळ निवडा, कारण गर्दीच्या वेळीच दुकानाची खरी पद्धत दिसते. नंबर काढायला किती वेळ देतात ते बघा. ऑटोरेफची, म्हणजे नंबराचा अंदाज देणाऱ्या मशिनची, छापील पट्टी ही फक्त सुरुवात असते. ट्रायल फ्रेम (लेन्स बदलून बघायची चौकट) लावून एकेका डोळ्याचा स्फिअर (साधा प्लस-मायनस नंबर), सिलिंडर (तिरक्या दिसण्याचा नंबर) आणि अॅक्सिस (त्या सिलिंडरचा कोन) पक्का करायचा, जवळचा नंबर बघायचा आणि तो नंबर घालून माणसाला दोन पावलं चालवायचं, यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पाच मिनिटांत माणूस बाहेर येत असेल तर पट्टीवरचा नंबरच कागदावर उतरतोय. लहान मुलांत हे फार वाईट. मशिनमध्ये बघताना मूल डोळ्यावर ताण देतं, मायनस जास्त दिसतो आणि गरज नसलेला नंबर त्याच्या नाकावर बसतो. अशा दुकानात तुमच्याकडूनही तेच करून घेतील.

मग काउंटरवरचं माप बघा. निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून मग माप घेतात का? प्रोग्रेसिव्ह (दूरचं आणि जवळचं एकाच लेन्समधून दाखवणारी) असेल तर दोन्ही डोळ्यांची पीडी (बाहुल्यांमधलं अंतर, नाकाच्या मध्यापासून) वेगवेगळी घेऊन फ्रेममधल्या डेमो लेन्सवर पेनाने फिटिंग हाइटची, म्हणजे बाहुली येते त्या उंचीची, खूण करायलाच हवी. सगळ्यांना अंदाजाने पीडी ‘बासष्ट’ लिहून मोकळं होणारी दुकानं आहेत. दोन्ही डोळ्यांना –६.०० नंबर असेल आणि एकूण पीडी ४ मिलिमीटरने चुकली, तर ०.४ सेंटिमीटर गुणिले ६, म्हणजे २.४ प्रिझम डायॉप्टरचा नको असलेला प्रिझम (प्रकाश बाजूला वळवून डोळ्यांना ताण देणारा परिणाम) तयार होतो. गिऱ्हाईक डोकं दुखतंय म्हणून परत येतं आणि बोलणी नंबर काढणाऱ्याला बसतात.

म्हणूनच मुलाखतीत हा प्रश्न विचाराच: ‘नंबर जमत नाही म्हणून चष्मा परत आला, तर तुमच्याकडे काय करतात?’ आमच्या मते मालक ओळखायला याच्याइतका उपयोगी प्रश्न दुसरा नाही. चांगला मालक क्रम सांगतो: आधी लेन्सोमीटरवर (तयार लेन्सचा नंबर मोजायच्या यंत्रावर) पॉवर, अॅक्सिस आणि ऑप्टिकल सेंटर (लेन्सचा मध्यबिंदू) ऑर्डरशी ताडून बघायचं, मग फ्रेम नाकावर-कानावर कशी बसलीय ते, मग जुन्या चष्म्याशी तुलना, आणि तरीही उलगडलं नाही तर नंबर पुन्हा काढायचा. कारण कळलं की वहीत नोंद. ‘आमच्याकडे चष्मे परत येतच नाहीत’ हे उत्तर खोटं आहे, चष्मे सगळ्यांकडे परत येतात. आणि ‘ज्यानं नंबर काढला त्याच्या पगारातून लेन्सचे पैसे कापतो’ असं ऐकलंत तर तिथेच थांबा. ऑर्डर लिहिताना अॅक्सिस ९० चा १८० झालेला असतो, प्लसचा मायनस झालेला असतो, फिटिंग करताना लेन्स थोडी फिरलेली असते, किंवा गिऱ्हाइकाला पहिल्याच प्रोग्रेसिव्हची सवय झालेली नसते. यातलं काहीही न तपासता नव्या मुलाच्या माथी मारणं सोपं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, तुमच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान तुमच्याच हलगर्जीपणाने झालं असेल तरच कपात करता येते, तीही तुमचं म्हणणं मांडायची संधी दिल्यानंतर.

फिटिंगची, म्हणजे लेन्स घासून फ्रेममध्ये बसवायची, खोली दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर कारण असतं. लेन्सच्या कडा घासणाऱ्या एजिंग मशिनला पाणी सुरू आहे का, हाताने घासताना डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क आहे का, हवा खेळती आहे का? कोरडी घासणी चालत असेल तर लेन्सची भुकटी दिवसभर तुमच्या श्वासात जाणार.

तिथेच जमलं तर एखादी ब्रँडेड म्हणून विकली जाणारी प्रोग्रेसिव्ह लेन्स हातात घ्या. तिच्यावर एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक कोरीव खुणा असतात, आणि बहुधा त्यांच्याखाली अॅडिशनचा (जवळच्या जादा नंबरचा) आकडा आणि कंपनीची खूण. लेन्सवर हलकी फुंकर मारून तिरपी उजेडाकडे धरली की दिसतात. पाकीट एका कंपनीचं आणि खूण दुसरीच, किंवा खूणच नाही, असा माल जिथे खपतो तिथे गिऱ्हाइकासमोर उभं राहून खोटं तुम्हालाच बोलावं लागेल. पक्कं बिल न देणाऱ्या दुकानाबद्दलही तीच शंका घ्या.

बाहेरची माहिती हवी तर कॉलेजच्या सीनियर मुलांना विचारा. लेन्स लॅबचा माल पोचवणाऱ्या मुलालाही विचारा. कोणता दुकानदार बिलं थकवतो हे त्याला पाठ असतं, आणि लॅबचे पैसे थकवणारा पगारही थकवतो.

आता कागद. नेमणूक पत्रात पद, ठरलेला पगार, इन्सेंटिव्ह वेगळा, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि नोटिशीचा काळ लिहिलेला हवा. ‘पंधरा हजार, टार्गेट झालं तर’ याला पगार म्हणत नाहीत. कोटिंग किंवा महाग लेन्स विकल्यावर वर काही मिळणं ठीक, पण टार्गेट चुकलं म्हणून मूळ पगार कापणं नाही. पेठांतली काही दुकानं दुपारी बंद असतात. सकाळी दहा ते दीड आणि साडेचार ते नऊ असे तास ऐकायला आठच वाटतात, पण निगडीहून येणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जातो. रविवारची डोळे तपासणीची शिबिरं कामात धरणार की ‘शिकायला मिळतं’ म्हणून फुकट, हेही लिहून घ्या. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागतो. पगारातून पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या (तुमच्या पीएफ क्रमांकाच्या) पासबुकात तो जमा होतोय का, ते दुसऱ्या महिन्यातच बघा.

मूळ प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, तपासू द्या, परत घ्या. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त नोकरीच्या अर्जासाठी’ असं आडवं लिहून सही करा. तुम्ही जिथे बसत नाही त्या शाखेच्या भिंतीवर तुमचं प्रमाणपत्र लावायचे महिन्याला पैसे देऊ करणारे भेटतील. तिथे दिलेल्या प्रत्येक चुकीच्या नंबरामागे तुमचं नाव असेल. कोरा चेक मागितला तरी देऊ नका. ‘सोडल्यावर दोन वर्षं पुण्यात दुसरीकडे काम करायचं नाही’ असं कलम दिसलं तर घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. प्रशिक्षणाच्या खर्चाचा बॉण्ड मात्र वेगळी गोष्ट आहे. रक्कम आणि खरोखर कोणतं प्रशिक्षण मिळणार, हे वाचल्याशिवाय सही नको.

एक दिवस काम करून दाखवायला हरकत नाही. आठवडाभर फुकट ‘ट्रायल’ मागणारा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाला बोलावतो.

अशा दुकानात अडकलाच असाल तर पहिल्या दिवसापासूनचे पुरावे जपा: हजेरीच्या नोंदींचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, बँकेतल्या जमा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. राजीनामा तोंडी देऊ नका, ईमेलने पाठवा आणि त्यात शेवटची तारीख व येणं असलेली रक्कम लिहा. नोकरी सोडल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करणं मालकावर बंधनकारक आहे. तो झाला नाही तर याच कागदांची एक प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.