वॉरंटीतलं मशीन दुरुस्तच होत नसेल तर

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी वॉशिंग मशीनचा पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वॉरंटीतच गेला. सर्व्हिस सेंटरचं एकच पालुपद: "पार्ट येत नाही, साहेब." मी जॉबशीटवर तेच लिहून, सही-शिक्का घेतला. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी विचारत नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि कंपनीला लेखी नोटीस: बदलून द्या किंवा पैसे परत करा, नाहीतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात येतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच दाद मागता येते. तक्रार करायची मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कंपनीने आधी वाढीव वॉरंटीचं गाजर दाखवलं (बंद मशीनला वॉरंटी, वा!). नकार दिला. शेवटी नवं मशीन आलं. जुनं नेताना पोच मात्र मागून घ्या.